बँड फुटल्यानंतर हेवी मेटल गायकाने पुढची वाटचाल कशी करावी?

तार_षड्ज यांचा प्रश्न

आमचा हेवी मेटल बँड अलीकडे फुटला. गिटारवादक आणि ड्रमवादक यांना अधिक संथ आणि प्रयोगशील संगीताकडे वळायचे होते, बेसवादकाने संगीतातून निवृत्ती घेण्याचे ठरवले आणि मी, म्हणजे गायक, एकटा उरलो. बँडच्या नावावर दोन अल्बम आहेत. त्यांतील जवळजवळ सर्व गाण्यांचे शब्द आणि गायनाच्या चाली माझ्या आहेत. रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हापुन्हा वाजणारे गिटारचे छोटे तुकडे, आणि गाण्यांची बांधणी गिटारवादकाची आहे. नावाबद्दल किंवा हक्कांबद्दल आम्ही कधीही काही लिहून ठेवले नाही, कारण तशी गरज तेव्हा कोणालाच भासली नव्हती.

मला गाणे थांबवायचे नाही. परंतु वादक बँड बदलतो तेव्हा फारसे कोणी लक्ष देत नाही, गायकाच्या बाबतीत मात्र प्रत्येक नवे गाणे जुन्या बँडशी ताडून पाहिले जाते, कारण श्रोत्यांच्या लेखी बँडची ओळख त्याच्याच गळ्याशी जोडलेली असते. त्यामुळे पुढचे पाऊल कोणते असावे याचा निर्णय होत नाही. स्वतःच्या नावाने गावे की नवा बँड उभा करावा? जुनी गाणी कार्यक्रमांत गाण्याचा मला अधिकार आहे का? सहकारी पुन्हा एकत्र येतील या आशेवर थांबण्यात काही अर्थ आहे का? ज्यांनी या क्षेत्रातील गायकांच्या कारकिर्दी बारकाईने पाहिल्या आहेत त्यांनी उदाहरणांसह लिहावे, ही विनंती.

जुनी_कॅसेट यांचे उत्तर

तुमच्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न आलेला नाही आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे: यापुढे तुमच्यासाठी रिफ कोण बांधणार? हेवी मेटलमध्ये गाणे बहुतेक वेळा गिटारवर जन्म घेते आणि गायक त्यावर आपली चाल व शब्द रचतो. बँड फुटतो तेव्हा गायकाचा गळा त्याच्याजवळच राहतो, पण ज्या जमिनीवर तो उभा राहून गात होता ती जमीन दुसऱ्याकडे जाते. या संगीतात ज्या गायकांची दुसरी कारकीर्द बहरली त्यांची उदाहरणे तपासली, तर प्रत्येकाच्या मागे योग्य वेळी भेटलेला एक रचनाकार दिसतो.

ऑझी ऑस्बॉर्न यांना ब्लॅक सॅबथ या बँडमधून २७ एप्रिल १९७९ रोजी काढण्यात आले. त्या वेळी त्यांची अवस्था अशी होती की त्यांच्याकडून पुढे काही घडेल असे फार थोड्यांना वाटत असावे. शॅरन आर्डन यांनी व्यवस्थापन हाती घेतले हे खरेच. परंतु सप्टेंबर १९८० मध्ये इंग्लंडमध्ये आलेला ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ हा अल्बम उभा राहिला तो क्वायट रायट या बँडमधून आलेला तरुण गिटारवादक रँडी रोड्स आणि बेसवादक बॉब डेझली यांच्यामुळे. रोड्स यांनी अभिजात गिटारचा अभ्यास केला होता आणि सॅबथच्या जड, संथ रिफपेक्षा अगदी वेगळी, सुरावटींनी भरलेली भाषा त्यांनी ऑझींच्या आवाजाभोवती विणली. गाण्यांचे बरेचसे शब्दही डेझली यांचे होते. आवाज तोच, भोवतालचे संगीत मात्र पूर्ण नवे, म्हणूनच श्रोत्यांनी त्याकडे सॅबथची उरलीसुरली आवृत्ती म्हणून पाहिले नाही. १९ मार्च १९८२ रोजी फ्लॉरिडातील विमान अपघातात रोड्स गेले. त्यानंतरही ऑझी टिकले, आणि त्याचे एक मोठे कारण हे की गिटारवादक निवडण्याची त्यांची दृष्टी शाबूत राहिली, जेक ई. ली आणि झॅक वाइल्ड ही पुढची नावे सर्वांना ठाऊक आहेत.

रॉनी जेम्स डिओ यांचा मार्ग याच्या उलट्या टोकाचा आहे. रेनबो हा बँड १९७९ मध्ये सुटला, सॅबथ १९८२ मध्ये सुटला, आणि दोन्ही वेळा गिटारची सूत्रे रिची ब्लॅकमोर व टोनी आयोमी यांच्यासारख्या बलदंड व्यक्तींच्या हाती होती. तेव्हा डिओ यांनी ड्रमवादक विनी अपिस यांना सोबत घेतले, रेनबोमधील जुने सहकारी जिमी बेन यांना बेससाठी बोलावले आणि गिटारसाठी बेलफास्टचा व्हिव्हियन कॅम्बेल हा विशीतला मुलगा निवडला. मे १९८३ मधील ‘होली डायव्हर’ ऐकताना जाणवते की प्रतिमा, चाली आणि गाण्याचा पिंड डिओ यांचा आहे, पण त्यातली धग नव्या हातांची आहे. त्यांनी दुसरा आयोमी शोधला नाही, ही गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते.

ब्रूस डिकिन्सन यांनी १९९३ मध्ये आयर्न मेडन हा बँड सोडला, आणि त्यांची पुढची सहा वर्षे तुमच्यासाठी सर्वांत उपयुक्त ठरतील, कारण त्यांत चाचपडणेही आहे. १९९४ चा अल्बम बऱ्यापैकी चांगला होता. १९९६ च्या ‘स्कंकवर्क्स’मध्ये त्यांनी त्या काळच्या पर्यायी रॉककडे मोर्चा वळवला, मला त्या अल्बममधील काही गाणी मनापासून आवडतात, परंतु जुना श्रोता तिकडे वळला नाही आणि नवाही फारसा जमला नाही. त्यानंतर त्यांनी गिटारवादक आणि निर्माता रॉय झी यांच्यासोबत पुन्हा काम सुरू केले, मेडनमधील जुने सहकारी एड्रियन स्मिथ यांना सोबत घेतले आणि १९९७ व १९९८ मध्ये लागोपाठ दोन अल्बम काढले. त्यांतील दुसरा, इंग्रज कवी विल्यम ब्लेक यांच्या कल्पनाविश्वावर बेतलेला ‘द केमिकल वेडिंग’, माझ्या मते त्या दशकात मेडनच्या नावाने आलेल्या कोणत्याही अल्बमपेक्षा सरस आहे. याच काळात, डिसेंबर १९९४ मध्ये, बोस्नियाच्या युद्धात वेढ्यात अडकलेल्या सारायेव्होत जाऊन त्यांनी कार्यक्रम केला होता, हेही विसरू नये. मोठ्या बँडची यंत्रणा मागे नसताना गायक अशा ठिकाणी पोहोचतो, याचे मला आजही अप्रूप वाटते.

आता रॉब हॅलफर्ड यांचे पाहा. १९९२ मध्ये जूडास प्रीस्ट या बँडपासून वेगळे झाल्यावर त्यांनी फाइट हा कडक बँड काढला, नंतर टू या नावाने इंडस्ट्रियल, म्हणजे यंत्रांसारख्या आवाजांच्या, शैलीचा प्रयोग केला, आणि २००० मध्ये ‘रेझरेक्शन’ या अल्बमसह पारंपरिक मेटलकडे परतले. त्या अल्बमचे निर्मातेही रॉय झीच होते. पाच वर्षांनी हॅलफर्ड यांच्या पुनरागमनाचा प्रीस्टचा अल्बम आला, त्याच्याही निर्मितीत रॉय झी होते. दोन थोर गायक आपापल्या बँडपासून दूर गेले, दोघेही काही काळ भरकटले आणि दोघांनाही वाटेवर आणताना तोच एक मनुष्य हजर होता. म्हणून माझे सांगणे एवढेच की नाव, पोस्टर, लेबल (अल्बम काढणारी कंपनी) यांचा विचार नंतर करावा आणि आधी रचनाकार शोधावा.

दुसरी_गिटार यांचे उत्तर

वरील विवेचन मला पटते, पण त्यातील चारही माणसे बँड सोडताना जगप्रसिद्ध होती आणि त्यांच्यामागे कंपन्या उभ्या राहू शकत होत्या. प्रश्नकर्त्यासारख्या दोन अल्बमच्या गायकाला त्यांच्याइतकाच ब्लेझ बेली यांच्याकडूनही बोध घेता येईल. डिकिन्सन यांच्या जागी १९९४ मध्ये मेडनमध्ये गेलेला हा गायक १९९९ मध्ये बाहेर पडला, तेव्हा त्याच्या वाट्याला कौतुकापेक्षा टीका अधिक आली होती, कारण मेडनची जुनी गाणी त्याच्या खालच्या पट्टीच्या गळ्याला साजेशी नव्हती. त्याने २००० मध्ये स्वतःच्या आवाजाच्या मापाने बांधलेला ‘सिलिकन मसाया’ काढला आणि ज्या गळ्याला लोक अपुरा म्हणत होते तोच गळा त्या गाण्यांत भरदार वाटू लागला. पुढे मोठ्या कंपन्यांचा आधार गेला, तरी त्याने स्वतंत्रपणे अल्बम काढणे चालू ठेवले आणि २०१६ ते २०१८ या काळात एकाच विज्ञानकथेवर बेतलेले तीन अल्बम दरवर्षी एक याप्रमाणे प्रसिद्ध केले. त्या काळात त्याने ॲब्सोल्वा या चालू बँडच्या वादकांना साथीला घेतले होते. ही पद्धत मला अनुकरणीय वाटते, कारण आधीच एकत्र वाजवणारे वादक मिळाले की तालमींचा वेळ वाचतो, प्रवासाचा खर्च विभागला जातो आणि त्या वादकांनाही आपले संगीत नव्या श्रोत्यांपुढे मांडता येते.

खर्चाचा मुद्दा येथे स्पष्ट मांडला पाहिजे. बँडमध्ये नफा आणि तोटा दोन्ही वाटले जातात. स्वतंत्र गायक मात्र मालक होतो: कार्यक्रमाला श्रोते आले नाहीत तरी वादकांचे मानधन, तालमीच्या जागेचे भाडे आणि ध्वनितंत्रज्ञाचे पैसे त्याला द्यावेच लागतात. म्हणूनच बरेच गायक ठिकठिकाणच्या स्थानिक वादकांना गाणी आधी पाठवून, एकदोन तालमींत कार्यक्रम उभा करतात. मेडनचे पहिल्या दोन अल्बमचे गायक पॉल डिॲनो यांनी अनेक वर्षे अशाच पद्धतीने कार्यक्रम केले. हा मार्ग स्वस्त आहे, परंतु त्यातून नवे संगीत जन्माला येत नाही. दर वेळी नव्या वादकांना शिकवता येतील अशी जुनीच गाणी गावी लागतात आणि गायक हळूहळू स्वतःच्या भूतकाळाचा कार्यक्रम करू लागतो. चरितार्थासाठी काही कार्यक्रम असे करावेत, पण सगळी कारकीर्द त्यावर उभारू नये.

आणखी एक उदाहरण द्यावेसे वाटते, कारण ते कटुतेविना वेगळे होण्याचे आहे. गायक उडो डर्कश्नायडर १९८७ मध्ये ॲक्सेप्ट या जर्मन बँडपासून वेगळे झाले, तेव्हा त्यांच्या नव्या बँडच्या पहिल्या अल्बमची गाणी ॲक्सेप्टच्याच सहकाऱ्यांनी लिहून दिली होती. तुमचा गिटारवादक शैली बदलू इच्छितो, तुमच्याशी त्याचे वैर नाही असे तुमच्या लिहिण्यावरून वाटते. त्याच्याकडे जुन्या शैलीतल्या न वापरलेल्या रिफ नक्कीच असतील. त्या मागण्यात कमीपणा नाही.

मुद्दा_हक्कांचा यांचे उत्तर

मी गाण्यांच्या हक्कांच्या व्यवहारांशी संबंधित काम करतो, म्हणून तेवढ्याच भागावर लिहितो. कायदे देशागणिक बदलतात. तुमच्या ठिकाणच्या वकिलाचा सल्ला घ्यावाच. तरीही काही तत्त्वे सर्वत्र उपयोगी पडतात.

प्रथम तीन गोष्टी वेगळ्या कराव्यात: गाण्याची रचना, म्हणजे शब्द आणि संगीत, त्या गाण्याचे ध्वनिमुद्रण, आणि बँडचे नाव. या तिन्हींचे मालक वेगवेगळे असू शकतात. मंचावर जुने गाणे गाण्यासाठी बहुतेक देशांत रचनेचा परवाना लागतो आणि तो सामान्यतः कार्यक्रमाचे आयोजक किंवा सभागृह हक्कसंस्थेकडून, म्हणजे रचनाकारांच्या वतीने परवाने देऊन त्यांचे पैसे गोळा करणाऱ्या संस्थेकडून, घेते, त्यामुळे तुमच्या जुन्या सहकाऱ्यांनी तुम्हाला मंचावर अडवण्याची शक्यता कमी असते. तेच गाणे नव्याने ध्वनिमुद्रित करायचे असेल तर सहरचनाकाराचा वाटा आणि जुन्या लेबलच्या करारातील अटी पाहाव्या लागतात, कारण ठरावीक काळ पुन्हा ध्वनिमुद्रण न करण्याची अट अनेक करारांत असते. त्याच करारांत बँड सोडणाऱ्या सदस्याच्या पुढच्या अल्बमवर पहिला हक्क लेबलचा राहील, असेही कलम पुष्कळदा सापडते. तुमच्या दोन अल्बमचे करार असतील तर ते आजच काढून वाचावेत.

नावाचा प्रश्न सर्वांत तापदायक असतो. सॅक्सन या ब्रिटिश बँडचे गायक बिफ बायफर्ड आणि बाहेर पडलेले दोन वादक यांच्यातील दाव्याचा निकाल २००३ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयात लागला. बाहेर पडलेल्या सदस्यांनी त्या नावाचा ट्रेडमार्क स्वतःकडे नोंदवला होता. न्यायमूर्ती लॅडी यांनी असे मत दिले की लेखी करार नसताना बँड ही भागीदारी समजली जाते, नाव आणि त्यामागची पत त्या भागीदारीच्या मालकीची असते आणि सुटा सदस्य त्या नावावर स्वतःचा म्हणून हक्क सांगू शकत नाही. त्या खटल्यात गायक जिंकला, पण तो गायक होता म्हणून जिंकला नाही. नॉर्वेतील गॉर्गोरॉथ या बँडच्या बाबतीत उलट घडले: गायक गाल आणि त्यांचे सहकारी यांनी नावावर दावा केला, २००९ मध्ये ओस्लोच्या न्यायालयाने संस्थापक गिटारवादक इन्फर्नस यांच्या बाजूने निर्णय दिला, आणि गाल यांना गॉड सीड या नव्या नावाने पुढे जावे लागले.

तुमच्यासाठी सर्वांत बोलके उदाहरण मात्र क्वीन्सराइक या अमेरिकन बँडचे आहे. गायक जेफ टेट यांना २०१२ मध्ये बँडमधून काढण्यात आले. त्यानंतर दाव्याचा निकाल लागेपर्यंत दोन वेगवेगळे संच एकाच नावाने कार्यक्रम करत होते, ज्याचा त्रास श्रोत्यांना आणि आयोजकांना झाला आणि नावाची पतही घसरली. २०१४ मध्ये तडजोड झाली: नाव इतर सदस्यांकडे राहिले, तर १९८८ चा ‘ऑपरेशन: माइंडक्राइम’ हा अल्बम आणि त्याचा उत्तरार्ध मंचावर सलग सादर करण्याचा अनन्य हक्क टेट यांना मिळाला. दोन वर्षे भांडून जे पदरात पडले, ते लिहिण्यासाठी एक पान पुरले असते. तुमच्यात अजून बोलणे शिल्लक आहे, तोवर चौघांनी बसून लिहून घ्यावे: नाव कोणीही एकट्याने वापरणार नाही; कोणत्या गाण्यात कोणाचा किती वाटा आहे; आणि प्रत्येकाला आपण या बँडचे माजी सदस्य असल्याचे सांगता येईल.

वाट्याची नोंद का महत्त्वाची, तेही सांगतो. ट्विस्टेड सिस्टरचे गायक डी स्नायडर यांनी त्या बँडची बहुतेक सर्व गाणी एकट्याने लिहिली होती. १९८०च्या दशकाच्या अखेरीस बँड संपला. त्यानंतर त्यांनी डेस्परॅडो हा बँड उभा केला, त्याचा अल्बम तयारही झाला आणि प्रकाशनाच्या तोंडावर कंपनीने तो बासनात गुंडाळला. अशा वेळी गायकाकडे केवळ गळा असता तर सगळे संपले असते. स्नायडर यांच्या नावावर गाणी होती, ती चित्रपटांत आणि जाहिरातींत वापरली जात राहिली, आणि हक्क रचनाकाराच्या नावाने नोंदलेले होते. तुम्ही शब्द आणि चाली रचल्या आहेत, तर हक्कसंस्थेकडे तुमचे नाव तसे नोंदलेले आहे का, हे तपासावे. अनेक गायक हे काम वर्षानुवर्षे करत नाहीत आणि त्यांचे पैसे तसेच पडून राहतात.

खर्ज यांचे उत्तर

मी आवाज शिकवतो आणि माझ्याकडे येणाऱ्यांत रॉक व मेटलचे गायकही असतात. तुमच्या प्रश्नात आवाजाचा उल्लेख नाही, म्हणून थोडक्यात लिहितो.

बँड फुटल्यावर गायकाचा रियाज बहुधा प्रथम सुटतो, कारण तालीमच त्याचा रियाज असते. मग काही महिन्यांनी कार्यक्रम मिळतो आणि तो पूर्वीच्याच जोराने तार सप्तकात जातो. इजा होण्याची शक्यता तेव्हा सर्वाधिक असते. उंच स्वरात स्वरतंतू सेकंदाला शेकडो वेळा एकमेकांवर आदळतात. सवय गेलेल्या गळ्यावर हा मारा अचानक झाला तर सूज येते, आणि तसेच दामटत राहिल्यास गाठी होतात. ग्राउल (घोगरी गुरगुर) आणि स्क्रीम (किंचाळी) यांतील खरखर योग्य पद्धतीत मुख्य स्वरतंतूंच्या वर असलेल्या खोट्या स्वरतंतूंमधून आणि वरच्या भागांच्या कंपनातून येते. नुसता घसा आवळून ती काढली तर भार मुख्य स्वरतंतूंवर पडतो. गाताना आवाज एकाएकी बसला तर कार्यक्रम तेथेच थांबवावा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्राची तपासणी करून घ्यावी. रक्तस्राव झालेल्या स्वरतंतूंवर गाणे सुरू ठेवल्यास कायमचे नुकसान होऊ शकते.

डिओ यांनी लहानपणी ट्रम्पेट वाजवला होता आणि श्वासावरील ताबा तेथूनच आल्याचे ते सांगत. सदुसष्टाव्या वर्षी, २०१० मध्ये, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्याआधीच्या वर्षीपर्यंत त्यांचे गाणे दमदार होते. श्वासाचा पाया पक्का असला की वय इतके अडत नाही. आणि जुनी गाणी अर्धा स्वर खाली उतरवून गाण्यात काहीच गैर नाही. नव्या वादकांसोबत सुरुवात करताना पट्टी बदलण्याची ही उत्तम संधी असते, कारण त्यांच्या हाताला जुन्या पट्टीची सवय नसते.

तार_षड्ज

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गिटारवादकाशी बोलणे झाले. गाण्यांतील वाटे आणि नाव याबद्दल लिहून ठेवण्यास तो आणि इतर दोघेही तयार आहेत. एका तरुण गिटारवादिकेसोबत मी काही दिवसांपासून नव्या गाण्यांवर काम करतो आहे आणि तिच्या रिफ आमच्या जुन्या बँडपेक्षा वेगवान आणि अधिक सुरेल आहेत. आता एकच प्रश्न उरतो. आयोजकांचे म्हणणे असे की माझ्या नावाने कार्यक्रम केले तर लोक येतील. तिला मात्र हा बँड असावा असे वाटते. शिवाय जुने सहकारी पुढेमागे परत आले तर काय, हा विचारही मनातून जात नाही.

जुनी_कॅसेट यांचे उत्तर

परत येण्याबद्दल आधी लिहितो. ऑझी सॅबथमध्ये परतले ते १९९७ मध्ये, डिकिन्सन मेडनमध्ये १९९९ मध्ये आणि हॅलफर्ड प्रीस्टमध्ये २००३ मध्ये. मधल्या काळात यांपैकी एकही जण पुनर्मीलनाची वाट पाहत थांबला नव्हता, आणि डिकिन्सन तर आपल्या उत्तम अल्बमनंतर लगेच परतले. पँटेरा हा अमेरिकन बँड २००३ मध्ये फुटला, ८ डिसेंबर २००४ रोजी गिटारवादक डाइमबॅग डॅरेल यांची मंचावरच गोळ्या घालून हत्या झाली आणि मूळ संच पुन्हा एकत्र येण्याची शक्यता त्या एका रात्रीत संपली. पुनर्मीलन कोणाच्याही हातात नसते, त्यामुळे त्यावर योजना आखता येत नाही.

नावाबद्दल तुमच्या गिटारवादिकेचे म्हणणे गांभीर्याने घ्यावे, असे मला ठामपणे वाटते. ‘स्कंकवर्क्स’ हे डिकिन्सन यांच्या मनात बँडचे नाव होते, पण कंपनीच्या आग्रहामुळे अल्बम त्यांच्या नावाने निघाला. ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’बद्दलही बॉब डेझली यांनी वारंवार सांगितले आहे की ते बँडचे नाव ठरले होते, पुढे ते आणि ड्रमवादक ली कर्सलेक यांचा मानधनाच्या हक्कांवरून ऑस्बॉर्न यांच्याशी दीर्घ न्यायालयीन वाद झाला आणि २००२ च्या आवृत्तीत त्या दोघांचे वादन काढून दुसऱ्यांकडून नव्याने वाजवून घेण्यात आले. मूळ वादन २०११ मध्ये परत आले. डिओ यांच्या बँडमधूनही व्हिव्हियन कॅम्बेल १९८६ मध्ये बाहेर पडले, त्यामागेही मोबदल्याचा वाद होता. या दोन्ही प्रसंगांत गायकाच्या नावाने चाललेल्या कामात रचनाकाराला आपले स्थान नेमके काय आहे हे कळले नव्हते. ज्या सहकाऱ्यांमुळे त्या गायकांना दुसरे आयुष्य मिळाले तेच सहकारी असे दुखावले गेले, याचे मला एक श्रोता म्हणून अजूनही वाईट वाटते.

माझा सल्ला असा की बँडला नवे नाव द्यावे आणि पोस्टरवर त्या नावाखाली लहान अक्षरांत तुमचे नाव आणि कोणत्या बँडचे माजी गायक हे लिहावे. ती माहिती खरी आहे, तुमच्या नव्या लेखी करारात तिला मुभाही असेल आणि आयोजकांची गरज तेवढ्याने भागेल. जुनी गाणी कार्यक्रमात दोनतीनच ठेवावीत आणि ती तिला तिच्या पद्धतीने वाजवू द्यावीत. पहिल्या चार गाण्यांचे ध्वनिमुद्रण करण्याआधी शब्द, चाल आणि रिफ यांचे वाटे दोघांच्या सहीने कागदावर आणावेत, आणि त्याच कागदावर हेही लिहावे की तुमच्यापैकी एकजण बाहेर पडला तर हे नवे नाव कोणाकडे राहील.